उकळून अर्धं केलेलं पाणी

प्रिय शेंडेफळ,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी घाबरली असशील. ताईला फोन करायला काय झालं, पत्र कसलं लिहिते, कोणी गेलं-बिलं की काय, असंच तुझ्या मनात आलं असणार. लहानपणापासून तू आधी वाईटच धरून चालतेस. तर सांगून टाकते, कोणी गेलेलं नाही. पण साळू बरी नाही. बरी नाही म्हणजे ताप-खोकला नाही. तिच्या रक्तात शिसं सापडलं आहे, आणि ते पिण्याच्या पाण्यातून गेलं आहे. ते पाणी रोज मीच तिला पेला भरभरून दिलं, नको म्हणाली तर दटावून दिलं. हे तुला सांगायला फोन लावला होता. तू हॅलो म्हणायच्या आत ठेवून दिला. मी रडले असते, तू रडली असतीस, आणि साळू शेजारी बसून ऐकत राहिली असती. शिवाय फोनवर तू कशालाही लगेच हो म्हणतेस. मला तुझा घाईतला हो नको आहे. हे वाच, बाजूला ठेव, परत वाच, तुझ्या ‘अहों’नाही वाचून दाखव. मग काय ते ठरव.

तू इथे आलीस ती माझ्या लग्नानंतर एकदाच. तेव्हा वस्तीच्या खाली झरा होता, आठवतो? तू त्यात पाय सोडून बसली होतीस आणि उठायलाच तयार नव्हतीस. पुढे नव्या रस्त्यासाठी डोंगरात सुरुंग लावले, आणि झऱ्यानं जी पाठ फिरवली ती फिरवलीच. नळ येणार येणार म्हणून किती वर्षं ऐकतो आहोत. नळाचे पाइप आलेसुद्धा, रस्त्याकडेला पडून आहेत, त्यात कुत्री वितात. म्हणून आमची अख्खी गल्ली छपरावरचं पावसाचं पाणी पिते. पत्र्यावरून पन्हळीत, पन्हळीतून पाइपात, पाइपातून अंगणातल्या टाकीत. पावसाळ्यात भरून घ्यायचं आणि वर्षभर पुरवायचं.

असं पाणी पिणं म्हणजे पोरखेळ नव्हे. छपरावर वर्षभराची धूळ असते, पक्ष्यांची घाण असते, एखादं मेलेलं पाखरू असतं. माझा नियम ठरलेला, पहिल्या सरी छपराच्या आंघोळीला, मग टाकीला. पावसाळा लागला की मी पाइपाचं तोंड गटाराकडे वळवायची आणि छप्पर स्वच्छ धुऊन निघेपर्यंत पाणी वाहू द्यायची. तहानलेल्या वस्तीत पाणी सोडून द्यायचं म्हणजे लोकांचा जीव तुटायचा. समोरची शिवणवाली हंडा घेऊन धावत यायची, आणि मी तिला हाकलायची. टाकीच्या तोंडाला बारीक जाळी, त्यावर घट्ट झाकण. पाणी काढलं की आधी दुहेरी फडक्यातून, मग वाळू आणि कोळसा भरलेल्या पिंपातून, मग जंतू मारायच्या औषधाचे थेंब, आणि वर उकळायचं ते वेगळंच. गल्लीनं माझं नाव गाळणीबाई ठेवलं. ठेवा म्हटलं, नावानं काही पोट बिघडत नाही. हळूहळू हसणाऱ्यांनीही फडकी बांधली, पिंपं भरली. शिवणवालीची सून बाळंत होऊन आली तेव्हा तिला उकळायचं कसं ते मीच शेजारी उभी राहून शिकवलं. आमच्या गल्लीत जुलाबानं आजारी पडलेलं मूल मग दाखवायलाही सापडत नव्हतं. मला ह्याचा केवढा तोरा होता म्हणून सांगू!

तुझे भावजी पुलांचे रंगारी, हे तुला माहीत आहेच. जुना रंग खरवडायचा, लोखंड उघडं करायचं, त्यावर गंज न चढणारा नारिंगी रंग द्यायचा, त्यावर दुसरा. आमचं छप्पर गंजायला लागलं होतं. टाकीतलं पाणी चहाच्या रंगाचं यायचं, मी कितीही गाळलं तरी तोंडात लोखंडाची चव राहायची, आणि साळू पेला तोंडाला लावून वाकडं तोंड करायची. हे माणूस बोलणारं नव्हे, तुला माहीत आहे. एका सुट्टीला कामावरचे उरलेले डबे घेऊन आले, शिडी लावली आणि दिवसभरात छपराला दोन हात देऊन खाली उतरले. एवढंच म्हणाले, नदीवरचे पूल ह्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या उभे राहतात, आपल्या पत्र्याचं काय घेऊन बसलीस. पुढच्या पावसात टाकीत जे पाणी आलं ते काचेसारखं होतं. मी पेल्यात भरून उजेडासमोर धरलं आणि सगळ्यांना दाखवत सुटले. मग शिवणवाली म्हणाली, भाऊ, आमच्याही पत्र्याला तेवढं लावून द्या. मग तिच्या शेजारच्यानं म्हटलं. ह्यांना नाही म्हणता येत नाही. सुट्ट्या संपेपर्यंत सगळी गल्ली नारिंगी झाली.

आता साळूबद्दल. साळुंकीसारखी बडबडते म्हणून साळू. मी घुमी नसले तरी एवढी बडबड आमच्या घराण्यात कोणाची नाही, ती कुठून आली ते तुला सांगायला नको. सकाळी डोळे उघडायच्या आधी तिचं तोंड उघडायचं. पातेल्याशी बोलायची, चपलांशी बोलायची, टाकीला कान लावून आतल्या पाण्याला विचारायची, काय गं, जेवलीस का? गेल्या पावसाळ्यानंतर केव्हातरी ही बडबड कमी झाली. मला आधी बरं वाटलं, म्हटलं शहाणी व्हायला लागली. मग पोट दुखतं म्हणून मुरगळून बसायला लागली. जेवण समोर ठेवलं की मान फिरवायची. चेहरा उतरला. फ्रॉकची बटणं आपली आपण लावणारी पोर बटण हातात धरून बघत बसायची. शाळेतल्या बाई म्हणाल्या, आलेली अक्षरं ही आपली आपणच पुसून टाकते. मी घरी येऊन पोरीला रागावले. रागावले म्हणजे चांगलंच फैलावर घेतलं. ती रडलीसुद्धा नाही. पायरीवर बसून माझ्याकडे बघत राहिली, जसं काही मी दुसऱ्याच कोणाला बोलत होते.

त्याच सुमारास तू तुझ्या थोरलीचा फोटो पाठवलास. दाराला टेकून उभी, पुढचे दात पडलेले, हातात पुस्तक उलटं धरलेलं नव्हे तर वाचता वाचता बोट घालून मिटलेलं. मी तो फोटो साळूशेजारी धरला. थोरली हातभर उंच होती. शेंडेफळ, मी तेव्हा तुझ्यावर इतकी संतापले की तुला उत्तरच पाठवलं नाही. मला वाटलं, तू मला दाखवतेस, बघ माझी कशी वाढते. तू कधीच तशी नव्हतीस, पण आईपणात माणूस मेलं आंधळं होतं. मला तो फोटो का झोंबला त्यामागचं आपण दोघी इतकी वर्षं कधी बोललेलो नाही, पण आज बोलते. एकाच पोटातून, एकाच सकाळी आलेल्या दोघी. एक तू ठेवलीस आणि एक मला दिलीस, कारण माझी कूस उजवत नव्हती आणि माझं तोंड बघून तुला दोघी आपल्याच झोळीत घालवेनात. मी तिला जपली ती कशी, तर शेजारून आणलेलं भांडं आपण घरच्या भांड्यापेक्षा जपून वापरतो तशी. एवढं गाळणं, एवढं उकळणं, ते काही मी जन्माची टापटिपीची म्हणून नव्हतं. ती तुझी होती म्हणून होतं. आणि आता दोघी शेजारी ठेवल्या तर तुझ्याकडची वाढत होती आणि माझ्याकडची उलटी चालली होती.

मला सुचलं ते एकच. पोटात जंतू गेले असणार, माझ्या हातून कुठेतरी गाळण्यात हयगय झाली असणार. मी जाड बुडाचं वेगळं पातेलं काढलं, फक्त साळूसाठी. आम्ही दोघं पिंपातलं गाळलेलं प्यायचो. तिचं पाणी मात्र मी उकळत ठेवायची, ठेवायची, ते अर्धं होईपर्यंत. म्हटलं, अर्ध्यावर आटवलं की जंतू काय, जंतूंचा बापही वाचणार नाही. थंड करून पेल्यात द्यायची, आणि ती जितकी मलूल दिसायची तितकं जास्त आटवायची. पोट जास्त दुखलं तर दोन पेले जास्त. लोक आपल्या लेकरासाठी दूध आटवतात, मी पाणी आटवत होते.

शेवटी एकदा पोटदुखीनं ती इतकी कळवळली की आम्ही तिला खालच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती, पेनचं टोपण चावायची सवय होती तिला. मला वाटलं, हिला काय कळणार. तिनं साळूच्या हिरड्या बघितल्या, पोट दाबलं, मग ह्यांना विचारलं, तुम्ही काय काम करता? हे म्हणाले, रंगारी. तिनं टोपण तोंडातून काढलं. मग पाणी कुठलं पिता, छप्पर कसलं आहे, छपराला काय लावलं आहे, असं एकेक विचारत गेली. रक्त घेतलं, आणि टाकीतलं एक बाटली आणि साळूच्या पातेल्यातलं एक बाटली पाणी आणायला सांगितलं.

निकालाच्या दिवशी तिनं मला समोर बसवलं आणि आधी चांगली बातमी दिली. म्हणाली, तुमच्या पाण्यात जंतू औषधालासुद्धा सापडत नाही, इतकं स्वच्छ पाणी आमच्याकडे कोणी आणत नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं, बघा म्हटलं. मग तिनं शिशाचं सांगितलं. नारिंगी रंगात शिसं असतं. ऊन-पावसानं तो रंग पिठासारखा सुटतो आणि पाण्याबरोबर टाकीत येतो. पण टाकीतल्या पाण्यात होतं त्यापेक्षा पातेल्यातल्या पाण्यात बरंच जास्त कसं, ते तिला कळत नव्हतं, म्हणून तिनं विचारलं, तुम्ही ह्या पाण्याचं काय करता? मी अभिमानानं सांगितलं, अर्धं होईपर्यंत उकळते. तिनं पेन खाली ठेवलं. मग फार हळू म्हणाली, ताई, जंतू मरतात कारण ते जिवंत असतात. शिसं जिवंत नाही, ते मरत नाही. वाफ होऊन पाणी जातं, ते खालीच राहतं. मी हसले. खरंच सांगते, हसले. डॉक्टरणीला वाटलं मला समजलं नाही, म्हणून तिनं तेच पुन्हा सांगितलं. मला पहिल्याच सांगण्यात समजलं होतं.

घरी आल्याबरोबर मी टाकीचा खालचा नळ सोडला. वर्ष काढायचं होतं त्यातून, अजून निम्म्याच्या वर भरलेली होती. अंगणातून पाणी वाहायला लागलं, पायऱ्यांवरून गल्लीत उतरलं. शिवणवाली ओरडत आली, अगं वेडी झालीस का, म्हणून माझं मनगट धरलं, नळ बंद करायला वाकली. मी तिला ढकललं. बायका बादल्या घेऊन आल्या, मी त्या उपड्या केल्या. सगळ्यांनी मला शिव्या दिल्या आणि त्यांचं काही चुकलं नाही, डोळ्यांदेखत पाणी मातीत जाताना बघवत नाही कोणाला. साळू पायरीवर होती. कितीतरी दिवसांनी ती आपणहून बोलली. म्हणाली, आई, पाणी चाललं, त्याला थांबव ना. मी थांबवलं नाही. टाकीच्या तळाशी नारिंगी गाळाचा थर होता, मी तो हातानं खरवडून काढला.

ह्यांची गोष्ट आणखी वाईट. दुसऱ्याच दिवशी हे छपरावर चढले आणि जिद्दीनं रंग खरवडायला बसले. पुलावर करतात तसंच. खाली उतरले तेव्हा अंगण, कपडे, अंथरुणं, भांडी, सगळ्यावर नारिंगी भुकटी बसलेली. डॉक्टरीण ऐकून कपाळाला हात लावून बसली. आणि त्यांचं स्वतःचंही रक्त तपासलं तर आयुष्यभराचं शिसं त्यांच्या हाडांत मुरलेलं. उजवं मनगट आता उचलत नाही. हात पुढे केला की पंजा लोंबतो. शर्टाची बटणं मी लावते, घास मी कालवून देते. काम सुटलं आहे. मी त्यांना एका शब्दानं बोललेले नाही आणि ते मला बोललेले नाहीत. फक्त एकदा जेवताना म्हणाले, मी वर लावलं, तू खाली आटवलंस, संसार असा मिळून करतात म्हणे. मग आम्ही दोघंही ताटावरून उठलो.

आणि गल्ली! मी दारोदार गेले. सांगितलं, रंग दिलेल्या छपराचं पाणी पिऊ नका, उकळून तर मुळीच नका. शिवणवालीची सून कडेवरचं बाळ थोपटत म्हणाली, मावशी, काळजी नका करू, आम्ही उकळूनच पाजतो, तुम्हीच शिकवलंय. तिच्या चुलीवर पातेलं खदखदत होतं. मी ते उचलून ओतून दिलं, तर तिनं मला घराबाहेर काढलं. म्हणतात, गाळणीबाईच्या डोक्यावर परिणाम झाला. काल जे मी लोकांच्या डोक्यात इतकं घट्ट बसवलं ते आज माझ्याच हातानं निघत नाही. काही जण ऐकतात. आता आम्ही अंगणात चार खांब रोवून त्यावर जाड प्लास्टिकचा कागद ताणतो, मध्ये झोळ ठेवून खाली भोक पाडतो, म्हणजे येणारा पाऊस छपराला न शिवता थेट टाकीत जाईल. दोन घरांचं झालं आहे, तिसऱ्याचं चालू आहे. बाळाच्या घरचे अजून ऐकत नाहीत. पाऊस आता फार लांब नाही, आणि मला रोज सकाळी उठून पुन्हा त्यांच्या दारात जायचं असतं.

तोपर्यंत खाली टँकर येतो तिथून मी पाणी वाहते, आणि साळू तेवढंच पिते. पाणी बदलल्यावर पहिल्यांदा रक्त तपासलं तेव्हा शिसं उतरलेलं होतं. मी त्या डॉक्टरणीचे हात धरले. साळू येताना रस्त्यात एका कुत्र्याशी बोलली, त्याला तिनं नाव विचारलं. मला वाटलं, सुटलो. पुढच्या खेपेला तपासलं तर पुन्हा चढलेलं. मी घरातलं सगळं पाण्यानं पुसलं, अंथरुणं जाळली, अंगणातली माती काढून टाकली, तिला बाहेर खेळू दिलं नाही, तासातासानं हात धुतले. पुन्हा तपासलं, उतरलं नाही. गल्लीभर छपरं आहेत, वारा आला की सगळीकडून भुकटी येते. ती बोट तोंडात घालते, लहानच आहे. डॉक्टरीण म्हणाली, पाणी तुम्ही बंद केलंत, घर कसं बंद करणार? हिला इथून हलवा. वय लहान आहे, आत्ता हलवलीत तर बरंच भरून येईल. सगळं येईल असं मी सांगत नाही, पण इथे ठेवलीत तर आहे तेही जाईल. असं तोंडावर सांगितलं. बरं केलं. गोड बोलली असती तर मी आणखी एखादं फडकं बांधून बघत बसले असते.

तू म्हणशील, ताई, तूही ये तिच्याबरोबर. माझं ते स्वतःशी शंभरदा म्हणून झालं आहे. ह्यांना घास भरवायला कोणी नाही, हे एक. त्या बाळाच्या पातेल्याखालचा जाळ अजून विझलेला नाही, हे दुसरं. पण खरं कारण तिसरंच आहे आणि ते मी कोणाला सांगितलेलं नाही. मी बरोबर आले तर साळू माझा पदर सोडणार नाही. मग ती तुझ्या घरात पाहुणी राहील, आणि पाहुणीला बरं होऊन परत जायची घाई असते. इथे तिनं परत यायचं नाही. ती उद्या बरी झाली, आम्ही हजार खांब रोवले, नवी छपरं घातली, तरी ह्या मातीत तिला मी पुन्हा पाऊल टाकू देणार नाही.

तुला आठवतं, दवाखान्यात दोघींना एकाच दुपट्यात ठेवलं होतं. तू म्हणालीस, ताई, तू निवड. माझ्यानं निवडवेना. मग तूच म्हणालीस, रडणारी मला ठेव, मला सवय होईल, ती गप्प पडली आहे ती तू ने, तुला त्रास देणार नाही. आणि गप्प ती पुढे साळुंकी निघाली! आधी पोटभर पाजलंस, मग माझ्या हातात दिलीस. आपली आई पलंगाशी उभी होती. तिनं तुला बजावलं, दिलेलं परत मागायचं नाही, आणि बघायला जाऊन जीव लावायचा नाही. तू ते शब्दाला शब्द पाळलंस. आई गेली तरी पाळलंस. त्यानंतर एकदाही आली नाहीस. फोनवर तू कधी साळूचं नाव काढून विचारलं नाहीस. सगळे बरे ना, एवढंच विचारायचीस आणि मग जरा थांबायचीस. त्या थांबण्यात काय असायचं ते मला कळायचं, म्हणून मी आपणहून तिच्या गोष्टी सांगत सुटायची आणि तू श्वास न घेता ऐकायचीस. गेल्या काही महिन्यांत मी त्या थांबण्यावर काहीच बोलले नाही. तू तरीही विचारलं नाहीस.

तर ऐक. आई तुला म्हणाली, मागायचं नाही. मला तिनं काही बजावलेलं नाही. तुला मागता येत नाही, म्हणून मीच देते आहे. येऊन साळूला घेऊन जा. थोड्या दिवसांसाठी नव्हे. तिला तुझ्या नळाचं पाणी पाज, थोरलीच्या शेजारी झोपव, बटणं लावायला उशीर झाला तर रागावू नकोस, मी रागावले तेवढं पुरे. पहिले काही दिवस ती आई कुठे म्हणून विचारेल. तेव्हा तिला खोटं सांगायचं नाही, की आई कामाला गेली आहे, उद्या येईल. खरं काय ते सांग. सांग, तुझी आई मीच. आणि दिवसातून चारदा सांगावं लागलं तरी सांग, ती हल्ली पटकन विसरते, एवढा एकच फायदा आहे त्या शिशाचा. माय मरो पण मावशी जगो म्हणतात. मला मावशी होऊन जगता येतं का, ते मी बघते. फोनवर तिनं मला काय हाक मारायची ते मी तिच्याकडून आजपासून म्हणवून घेते आहे. पहिल्यांदा ती हसली. मग म्हणाली, आई, तू चुकतेस. शेंडेफळ, उशीर करू नकोस.

तुझीच,
आणि साळूची मावशी